मावसभावाचं रेफरल घ्यावं का?

प्रश्न सोलापूरच्या एका मुलाचा आहे. आधी डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री, आणि चिंचोळी एमआयडीसीत दोन वर्षांचा अनुभव. गेल्या पाच महिन्यांत त्यानं पोर्टलवरून साठ-सत्तर ठिकाणी अर्ज टाकले. चार ठिकाणांहून "कळवू" असं आलं, बाकीच्यांचं काहीच नाही. मावसभाऊ चाकणला एका कंपनीत आहे, तो म्हणतोय, "रेझ्युमे पाठव, मी आत टाकतो." मुलाला ते वशिल्यासारखं वाटतंय. उद्या लोक म्हणतील, भावानं लावून दिलं. रेफरलनं, म्हणजे आतल्या माणसानं नाव पुढं केल्यामुळं, आलेल्याला कंपनी वेगळं वागवते का, आणि सरळ अर्ज करणाऱ्याचं कागद कोणी खरंच वाचतं का, असं त्यानं विचारलं आहे.

घ्या. निःशंक घ्या. पण ते घेतल्यावर हाती नेमकं काय येतं आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडून काय जातं, हे आधी समजून घ्या. बहुतेक उमेदवारांचा दोन्हीकडं गैरसमज असतो. रेफरल म्हणजे अर्धी नोकरी झालीच, असं त्यांना वाटतं, आणि त्याची किंमत काहीच पडत नाही, असंही वाटतं.

मी भरतीचं काम २४ वर्षं करते आहे. सुरुवातीची नऊ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, नंतर अकरा वर्षं पुण्यात, आणि आता चार वर्षांपासून परत सोलापुरात. फाटकाबाहेर कामगार उभे करून केलेली भरती मी पाहिली आहे आणि सॉफ्टवेअरवर चालणारीही. म्हणून आधी टेबलाच्या आमच्या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराच्या नावाशेजारी 'सोर्स' म्हणून एक रकाना असतो. त्यात कुठं पोर्टलचं नाव असतं, कुठं कन्सल्टन्सीचं, कुठं कॉलेजचं, आणि कुठं 'एम्प्लॉयी रेफरल' असं लिहून पुढं आमच्याच माणसाचं नाव. प्रॉडक्शन इंजिनिअरच्या एका साध्या जागेला चारशे-पाचशे अर्ज येऊन पडलेले असतात आणि मॅनेजरला परवापर्यंत सहा नावं हवी असतात. मी अशा वेळी काय करायचे ते सरळ सांगते. आधी त्या रकान्यावर रेफरलचा फिल्टर लावायचे. दहा-बारा अर्ज निघायचे, ते सगळे नीट वाचायचे. त्यातून तीन-चार नावं मिळाली की उरलेल्या दोघा-तिघांसाठी मोठ्या ढिगाकडं वळायचे. तिथं अनुभवाची वर्षं, सध्याचा पगार, नोटीस पिरियड, गाव अशा चाळण्या लावायचे, वरचे तीसेक रेझ्युमे उघडायचे, आणि सहा नावं झाली की थांबायचे. खालच्या चारशेंना कोणी नाकारलेलं नसायचं. त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नसायचं.

तुमच्या साठ-सत्तर अर्जांपैकी बऱ्याच अर्जांचं हेच झालं असणार. त्यावरून स्वतःची लायकी ठरवू नका. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मी स्वतः तो ढीग न उघडता बंद केलेला आहे म्हणून म्हणते.

उमेदवाराच्या बाजूनं पाहिलं तर दोन वाटांमधला सगळ्यात मोठा फरक इथं आहे: उत्तर मिळतं की नाही. रेफरलनं गेलेला निवडला जाईलच असं नाही, पण त्याला काहीतरी कळतं. मावसभाऊ कँटीनमध्ये एचआरच्या माणसाला गाठून विचारतो, "त्या पोराचं काय झालं हो?" त्या एका प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण विचारणारा उद्या पुन्हा समोर येणार असतो. मग उत्तर मिळतं: जागा गोठवली आहे, किंवा सीएनसी मशिनचा अनुभव कमी पडला, किंवा मॅनेजर रजेवर आहे, सोमवारनंतर बघू. सरळ अर्ज करणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र 'अंडर रिव्ह्यू' हे दोन शब्द महिनोन्‌महिने तसेच असतात.

सोलापूरच्या साखर पेठेतली एक मुलगी माझ्याकडं मुलाखतीला आली होती. एम.कॉम. झालेली, टॅली चांगलं येत होतं, आई विड्या वळायची. घरातून ऑफिसच्या नोकरीत जाणारी ही पहिलीच. फाइल उघडताना तिच्या पर्समधली एक दोनशेपानी वही बाहेर आली. तिनं पट्टीनं रकाने आखले होते: तारीख, कंपनी, पद, कुठून कळलं, उत्तर. शेवटच्या रकान्यात ओळीनं 'उ. ना.', 'उ. ना.', 'उ. ना.' असं निळ्या शाईत लिहिलं होतं. मी विचारलं, उ. ना. म्हणजे? ती म्हणाली, "उत्तर नाही." पान उलटलं, त्या पानावरही तेच. तिचा अर्ज आमच्याकडं आधीही एकदा, सात महिन्यांपूर्वी, आला होता. तिच्या वहीत त्याची तारीख होती. आमच्या सिस्टीममध्येही होती, आणि तो अर्ज कोणीही उघडलेला नव्हता. त्या संध्याकाळी मी बसून तीनशेच्या वर लोकांना दोन ओळींचं नकाराचं उत्तर पाठवलं. तोवर कित्येक वर्षं ते काम मी 'वेळ मिळाला की करू' म्हणून ठेवलं होतं. 'नाही' एवढं कळलं तरी माणूस पुढच्या कामाला लागतो. काहीच कळलं नाही तर तो स्वतःमध्येच खोट शोधत बसतो.

आता रेफरलनं काय होत नाही, ते. मुलाखतीत सूट मिळत नाही. निदान नीट चालवलेल्या कंपनीत तरी मिळत नाही. तोच पेपर, तेच टेक्निकल पॅनल, तेच प्रश्न. कधी कधी पॅनलवरचा माणूस जास्तच कसून विचारतो, कारण उद्या 'अमक्याचा म्हणून घेतला' असं कोणी म्हणू नये ही काळजी त्यालाही असते. अमेरिकेतल्या कॉल सेंटर, ट्रक वाहतूक आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नऊ मोठ्या कंपन्यांच्या नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रेफरलनं आलेल्या अर्जदारांची निवड होण्याचं प्रमाण जास्त असतं, ऑफर दिली तर ते ती स्वीकारतात, आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी असतं. पण कामाच्या बहुतेक मोजमापांत ते इतरांपेक्षा फार सरस निघाले नाहीत. कंपन्या रेफरलला बोनस का देतात, याचं उत्तर यातच आहे. माणूस टिकतो आणि भरतीचा खर्च वाचतो. ओळखीनं येणारा जास्त हुशार असतो असा त्याचा अर्थ नाही, आणि सरळ अर्ज करणारा कमी असतो असा तर मुळीच नाही.

आता तुमच्या मनातल्या वशिल्याच्या शंकेकडं येते. ती शंका येते हे चांगलंच आहे.

सोलापूरला हा विषय नवा नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली, जुनी गिरणी म्हणतो ती. पुढं गिरण्या वाढल्या, आणि त्या काळी गिरणीत माणूस लागायचा तो जॉबरच्या हातून. खात्यात कोणाला घ्यायचं, कोणाला बदलीवर ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, हे जॉबर ठरवायचा. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्यातले लोक आणायचा, आणि कामावर घेण्याबद्दल पैसेही खायचा. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर बोट ठेवलं. भरती त्याच्या हातातून काढून घ्यावी आणि त्यासाठी कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस आयोगानं केली. आज आम्ही ज्याला एचआर म्हणतो त्याचं आपल्याकडचं एक मूळ या शिफारशीत आहे. ओळखीपाळखीच्या भरतीतून कामगाराची सुटका व्हावी, म्हणून हा धंदा जन्माला आला. मी नव्या पोरापोरींना हे काम शिकवते तेव्हा ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगते, कारण आता आपणच ओळखीनं माणूस आणणाऱ्याला बोनस देतो आणि तो देताना त्या कामगारांची आठवण ठेवायला हवी.

मग वशिला आणि रेफरल यांत फरक काय? माझी कसोटी साधी आहे. तुमचं नाव पुढं करणारा माणूस निवड करणाऱ्यांत बसलेला आहे का? तुमच्यासाठी एखादी अट गाळली जाणार आहे का? कोणाला पैसे किंवा परतफेड द्यायची आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर तो वशिला, त्याला रेफरल म्हटलं म्हणून काही तो बदलत नाही. तुमचा मावसभाऊ मेंटेनन्समध्ये आहे, जागा प्रॉडक्शनमध्ये आहे, तो कंपनीच्याच पोर्टलवर तुमचं नाव भरणार आहे आणि नातं काय ते तिथं लिहिणार आहे. यात लपवायचं काय? तो फक्त म्हणतोय, याचा कागद एकदा वाचा.

पैशांबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगते. रेफरल देतो म्हणून कोणी तुमच्याकडं पैसे मागितले, मग ते दोन हजार असोत नाहीतर पन्नास हजार, तर तिथून निघून या. खऱ्या कंपन्या बोनस कर्मचाऱ्याला देतात, तोही तुम्ही जॉइन होऊन बहुधा तीन-सहा महिने टिकल्यावर. उमेदवारानं एक रुपयाही द्यायचा नसतो. ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, 'डिपॉझिट' म्हणून पैसे भरलेली आपल्या भागातली मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या दोघांच्या आयांनी मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं.

आता रेफरलची खरी किंमत. ती पैशांत नसते, म्हणून ती आधी दिसत नाही.

माझी पहिली नोकरी वडिलांच्या मित्राच्या शब्दावर लागली होती. कारखान्याचं नाव सांगत नाही. मुलाखत झाली, काका शेजारच्याच खुर्चीत बसलेले. पगाराचा आकडा सांगितला गेला तेव्हा तो कमी आहे हे मला कळत होतं, कारण माझ्याच वर्गातली मैत्रीण सरळ अर्ज करून दुसरीकडं लागली होती आणि तिचा पगार मला माहीत होता. पण काकांसमोर तोंड उघडवेना. त्यांनी शब्द टाकला, आणि मी आकड्यावरून घासाघीस करू? तीन वर्षं मी त्याच पगारात थोड्याफार वाढीवर काढली. सोडायचं मनात आलं तेव्हाही वडील म्हणाले, "त्यांना काय वाटेल?" शेवटी सोडली, तर पुढं दोन वर्षं काका आमच्याकडं दिवाळीला आले नाहीत.

सोलापूरसारख्या गावात हा भार पुण्या-मुंबईपेक्षा जास्त असतो. इथं नातं, गल्ली, समाज, कारखाना हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं. तुमची निवड झाली नाही तर ते तुमच्या आधी मावशीला कळतं, आणि मावशीकडून आईला. मुलाखतीत कुठं अडखळलात, तेही पुढच्या लग्नात कोणीतरी पंगतीत विचारतं, "काय बे, सोप्या प्रश्नाला अडकलास म्हणे?" सरळ अर्ज करून नापास झालेल्याचं अपयश त्याच्याजवळच राहतं. ही मोकळीक कमी मोलाची नाही. काही मुलांना मी मुद्दाम सांगते, पहिल्या चार-पाच मुलाखती ओळख नसलेल्या ठिकाणी द्या. चुका करायच्या त्या तिथं करून घ्या.

आणि आत गेल्यावरही तो शिक्का काही दिवस राहतो. 'अमक्याचा भाऊ' म्हणून ओळख होते. त्याचा फायदाही आहे: पहिल्या दिवशी डबा कोणाबरोबर खायचा हा प्रश्न नसतो, कोणत्या सुपरवायझरशी कसं बोलायचं ते आधीच कळलेलं असतं, शिफ्टची बस कुठं थांबते ते माहीत असतं. रेफरलनं आलेली माणसं टिकतात त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. काम काय आहे हे त्यांना आत येण्याआधीच खरंखरं कळलेलं असतं. जाहिरातीत 'डायनॅमिक एन्व्हायर्नमेंट' लिहिलेलं असतं. भाऊ सांगतो, तिसऱ्या शिफ्टला दोन मशिनवर एकच माणूस असतो, विचार करून ये. माझ्या मते रेफरलमधलं सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि उमेदवार नेमकं तेच विचारायचं विसरतात. मावसभावाला फोन करून अर्धा तास हेच विचारा. साहेब कसा आहे, गेल्या वर्षी त्या खात्यातून किती जण सोडून गेले, का गेले, ओव्हरटाइम वेळेवर मिळतो का. हे एचआर तुम्हाला कधीच सांगणार नाही. मीही सांगितलं नसतं.

पण माझा तुम्हाला खरा सल्ला असा की फक्त मावसभावावर थांबू नका. जवळच्या नातेवाइकापेक्षा लांबच्या ओळखीचा माणूस नोकरीच्या कामी जास्त येतो, आणि याला चांगला आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं ही नोकरी सुचवली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त भेटणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा तेही नाही असे २७.८ टक्के. कारण उघड आहे. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी वेगळ्या गोटात वावरणाऱ्याकडूनच येते.

२०२२ साली लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या नोंदींवरून हीच गोष्ट पुन्हा तपासली गेली, आणि त्यात एक बारकावा सापडला जो सोलापूरकरानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. संगणकाशी जास्त निगडित उद्योगांत लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात. जिथं संगणकाचा वापर कमी आहे तिथं मात्र जवळच्या ओळखी. माझा अनुभव अगदी हाच आहे. टॉवेलच्या कारखान्यात विणकर हवा असला की नात्यातला, शेजारच्या घरातला माणूस यायचा, आणि आणणारा त्याची जबाबदारी घ्यायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत आजही तसंच चालतं, 'माणूस पाहिजे' ही पाटी लागायच्या आत माणूस हजर होतो. पण तुम्ही चाकणच्या इंजिनिअरिंग कंपनीत किंवा पुण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं म्हणत असाल तर कॉलेजमधला दोन वर्षं पुढचा सीनियर, आधीच्या कंपनीतून सोडून गेलेला सहकारी, तुमच्या मशिनच्या सर्व्हिसिंगला येणारा इंजिनिअर, यांना आधी आठवा. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं आहे. मावसभावानं तुम्हाला लग्नात पंगतीला वाढताना पाहिलंय.

हे मी सहज म्हणत नाही. कोलकात्यात संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. लोकांना एक काम दिलं आणि पुढच्या फेरीसाठी आपल्या ओळखीचा कोणीतरी आणायला सांगितलं. काहींना आणण्याबद्दल ठरलेले पैसे, तर काहींना आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर पैसे. कामगिरीवर पैसे आहेत म्हटल्यावर लोकांनी नातेवाईक कमी आणले आणि सहकारी जास्त. म्हणजे काम चांगलं कोण करतं हे निदान स्वतः चांगलं काम करणाऱ्यांना तरी माहीत असतं, फक्त नात्यापुढं ते बाजूला ठेवलं जातं. अनुभवी भरतीवाल्यालाही हे ठाऊक असतं. रेफरलच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'पूर्वीचा सहकारी' दिसलं की मी थोडी सावरून बसते. 'चुलतभाऊ', 'मेहुणा' दिसलं की वाचते, पण तेवढं वजन देत नाही.

आता ज्यांना मावसभाऊच नाही, त्यांचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण उत्तर देताना मला तो टाळता येत नाही. त्या साखर पेठेतल्या मुलीला आत कोणी ओळखीचं नव्हतं. असणार कुठून? ओळख वारशानं येते. ज्याच्या घरात आधीच कोणी ऑफिसात आहे त्यालाच ऑफिसातली ओळख मिळते. मलावीमध्ये झालेल्या एका अशाच प्रयोगात पुरुषांनी बहुतेक पुरुषांचीच नावं सुचवली, त्यांच्या ओळखीत त्या कामाला लायक बायका असूनसुद्धा. कंपनीनं रेफरलवरच भर दिला तर आत जे आहेत तसेच पुन्हा येत राहतात.

तशी सरळ अर्जाची वाटही सगळ्यांना सारखी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. शिक्षण आणि अनुभव सारखा, नावं तेवढी वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याचं गुणोत्तर ०.६७ निघालं आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३. खासगी कंपन्या होत्या या, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनीच ते अर्ज चाळले होते. आपल्या गावात तर आडनाव आणि पेठ वाचली की माणसाची भाषा, जात, घरचा धंदा सगळं कळल्यासारखं वाटतं, तेलुगू का कन्नड का उर्दू. म्हणून मी माझ्याकडं काम शिकणाऱ्यांना पहिली चाळणी नाव आणि पत्ता झाकून करायला लावते. वेळ जास्त लागतो. लागू दे.

ज्यांच्याकडं ओळख नाही त्यांनी ती तयार करायची. ते जमतं, पण चिकाटी लागते. ज्या कंपनीत जायचंय तिथं काम करणारा आपल्या कॉलेजचा कोणीतरी शोधायचा आणि त्याला पहिल्याच मेसेजमध्ये रेफरल न मागता कामाबद्दल विचारायचं. 'सर रेफर करा प्लीज' असे मेसेज त्याला रोज येतात. 'तुमच्या प्लांटमध्ये पीएलसी कुठलं वापरता, मी अमक्यावर काम केलंय, तयारी काय करू?' असा मेसेज महिन्यातून एखादा येतो, त्याला उत्तर मिळतं. अप्रेंटिसशिपही सोडू नका. एका वर्षात दहा-वीस लोक तुमचं काम पाहतात, आणि पुढच्या दहा वर्षांत ते पन्नास कंपन्यांत विखुरतात. त्या मुलीचं पुढं काय झालं विचाराल तर ती आमच्याकडं लागली, चार वर्षांनी पुण्याला गेली, आणि आता तिच्या पेठेतल्या मुलींचे रेझ्युमे तीच पुढं पाठवते. नात्यातल्यांचे पाठवत नाही, टॅली करून दाखवतील त्यांचेच पाठवते.

परत तुमच्याकडं येते. काही व्यवहाराच्या गोष्टी आहेत, त्यांवर बऱ्याच जणांचं घोडं अडतं. मावसभाऊ ज्या जागेसाठी नाव टाकणार आहे तिथं तुम्ही स्वतः आधी अर्ज करू नका. पुष्कळ कंपन्यांच्या सिस्टीममध्ये आधीच अर्ज असेल तर ठरावीक महिने रेफरल धरलं जात नाही, 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला पडतं. आधीच केलेला असेल तर भावाला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे तो निदान एचआरला जाऊन बोलेल. त्याला नुसता रेझ्युमे पाठवून 'बघ काहीतरी' म्हणू नका. कंपनीच्या वेबसाइटवरून जागा तुम्ही शोधा, जॉब आयडी द्या, आणि या जागेला मी का चालेन हे दोन ओळींत लिहून द्या. त्याला ते जसंच्या तसं चिकटवता आलं पाहिजे. शिफ्ट संपवून दमून आलेला माणूस तुमच्यासाठी मजकूर लिहीत बसणार नाही.

मुलाखत पुण्यात असेल तर पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसवर भिस्त ठेवून सकाळी अकराची वेळ घेऊ नका. दुपारची मागून घ्या. बाहेरगावाहून येतोय म्हटलं की देतात. सरळ अर्जवाले हे मागायला घाबरतात आणि रेफरलवाल्यांना ते सहज वाटतं. मागायचा हक्क दोघांनाही सारखाच आहे.

पगाराचं बोलणं मात्र भावाच्या तोंडून कधीही होऊ देऊ नका. तो म्हणेल, "मी बोलून ठेवतो." त्याला प्रेमानं नाही म्हणा. आकडा तुम्ही ठरवा, तुम्ही बोला, आणि पटला नाही तर तुम्हीच नकार द्या. मी काकांसमोर गप्प बसले ते तुम्ही करू नका.

आणि भावाला आजच, रेझ्युमे पाठवतानाच, हे चार शब्द लिहा. माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या मुलांना मी हे लिहायला लावते:

"दादा, जॉब आयडी आणि दोन ओळी सोबत देतोय. फॉर्मवर आपलं नातं खरं ते लिही. माझ्यासाठी कोणाला गळ घालू नकोस, फक्त नाही आलं तर का नाही ते विचारून मला सांग. पगाराचं मी बोलेन. आणि निकाल काही लागला तरी घरी मीच सांगेन, मावशीला तू सांगू नकोस."

याला तो 'हो' म्हणाला की रेझ्युमे पाठवा. तोवर पोर्टलवरचे अर्ज चालू ठेवा, पण दिवसाला दहा टाकण्यापेक्षा आठवड्याला तीन टाका, नीट वाचून, त्या जागेप्रमाणे रेझ्युमे बदलून. दहा दिवसांत काही कळलं नाही तर अर्जाचा क्रमांक घालून एचआरला एक मेल करा. माझ्यासारख्या बाईला तो ढीग पुन्हा उघडायला तेवढं निमित्त पुरतं.